वळणावरचा अगस्त्य

खाणीच्या कंपनीनं गावाला दुर्बीण भेट दिली तेव्हा पहिला प्रश्न एरास्मोनं विचारला. एरास्मो पाण्याचा टँकर चालवतो, आणि ज्या गावाला नदी आहे पण पाणी टँकरनं येतं, तिथे टँकरवाल्याच्या शब्दाला वजन असतं. तो म्हणाला, "हिच्यातून पाणी दिसतं का?"

कंपनीच्या सेन्योरिता अंतोनेला हसल्या. त्या राजधानीहून, सान्तियागोहून आल्या होत्या, गावकऱ्यांशी गोड बोलणं हे त्यांचं खातं होतं, आणि गावकऱ्यांच्या विनोदाला हसायचं हे त्यांना शिकवून पाठवलेलं होतं. "पाणी नाही, पण शनीची कडी दिसते," त्या म्हणाल्या.

"बरं झालं," एरास्मो म्हणाला. "धुणं वाळत घालता येईल."

मी आमच्या चान्यार आल्तो गावच्या शाळेत इतिहास शिकवत असे. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. इतिहास मात्र चालूच राहिला, तेव्हा मी पर्यटकांना रात्रीचं आकाश दाखवायचा धंदा धरला. आमच्याकडे पाऊस नाही, ढग नाहीत, धूर नाही, माणसंही फारशी नाहीत. त्यामुळे आकाश उत्तम. दुर्बीण चालवायला कंपनीनं मलाच नेमलं. गाव अजूनही मला प्रोफे म्हणतं, म्हणजे मास्तर.

ही भेट कशाबद्दल, हे फलकावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. नैऋत्येच्या डोंगरामागे खाणीचा गाळ साठवायला धरण व्हायचं होतं. त्यासाठी घाटाचा रस्ता रुंद करायचा होता. रस्ता झाला की ट्रक जाणार, ट्रक गेले की दिवे लागणार, दिवे लागले की आकाश जाणार. तेव्हा जाण्याआधी ते एकदा नीट बघून घेता यावं, अशी सोय कंपनीनं केली होती.

संमतीच्या कागदावर सगळ्या गावाची सही झाली होती. माझीही. उरला होता एकटा निबाल्दो, कारण घाटातल्या वळणाची जमीन त्याची होती आणि त्या वळणावर यानिरा होती.

यानिरा ही निबाल्दोची एकुलती एक मुलगी. ओवाये शहरातल्या रुग्णालयात नर्सिंग शिकत होती. एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना त्या वळणावर ट्रकनं तिला उडवलं. कोणत्या ट्रकनं, ते अजून ठरलेलं नाही. आमच्याकडे रस्त्यात जीव गेला की तो जीव तिथेच घुटमळतो असं मानतात, आणि त्याला उन्हावाऱ्यात राहावं लागू नये म्हणून तिथे कमरेएवढं घरकुल बांधतात. त्याला अनिमिता म्हणतात. निबाल्दोनं ते स्वतःच्या हातानं बांधलं, निळा रंग दिला, आत तिचा फोटो ठेवला, दाराला जाळी बसवली. एरास्मोनं टँकरचा जुना दिवा आणि एक सौर पॅनेल जोडून वर दिवा करून दिला. निबाल्दोच्या अंगणातून तो बरोबर समोर, डोंगराच्या कडेला दिसे.

निबाल्दोची तीस वर्षं खाणीत गेली होती आणि खाणीची तीस वर्षं त्याच्या फुफ्फुसात होती. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला चाकांवरचं ऑक्सिजनचं यंत्र. त्याला तो कुत्रा म्हणे. "चल रे," असं म्हणून ओढत न्यायचा. घाट चढणं केव्हाच संपलं होतं. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून तो दिवा लागायची वाट बघायचा. बॅटरी जुनी होती, जेवणं होईतो दिवा मंदावायचा, मग हा आत जायचा. पण त्या जूनमध्ये दिवा लख्ख पेटू लागला आणि पहाटेपर्यंत जळू लागला.

"यंदा ऊन चांगलं पडतंय," निबाल्दो मला म्हणाला. "पोरीला रात्रभर पुरतं."

बघून यावं असं कुणाला वाटलं असतं तरी जाता आलं नसतं. मोजणीसाठी म्हणून कंपनीनं घाटाच्या तोंडाशी साखळी लावली होती.

निबाल्दोची अट एकच होती. "वळण घ्या, डोंगर घ्या, माझं घर घ्या. पोरीचं घर हलवायचं नाही." सेन्योरितांनी मान्य केलं. रस्ता पलीकडच्या अंगानं रुंद होणार होता. सान हुआनच्या सणाला, संध्याकाळी दुर्बिणीचं उद्घाटन आणि लगेच सही, असं ठरलं.

सान हुआनच्या रात्री आमच्याकडे पलंगाखाली तीन बटाटे ठेवतात: एक सोललेला, एक अर्धा सोललेला, एक सालासकट. अंधारात हात घालायचा. सोललेला हाती आला तर वर्ष फुटकं, सालासकट आला तर भरभराट. निबाल्दोच्या हाती गेली दोन वर्षं सालासकटचाच येत होता, आणि तो ते गावभर सांगे. त्याची बायको एर्सिलिया तिन्ही बटाटे सालासकटच ठेवते, हे फक्त मला ठाऊक होतं. मी यानिराचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, त्यामुळे निबाल्दो माझा कोंपाद्रे आणि एर्सिलिया माझी कोमाद्रे. या नात्यात माणसं एकमेकांना अहोजाहो करतात आणि एकमेकांच्या लबाड्या पोटात ठेवतात.

समारंभ फुटबॉलच्या मैदानावर होता. दुर्बीण खरं म्हणजे मैदानाच्या मधोमध ठेवायला हवी होती, पण तिथे ठेवली तर फोटोत कंपनीचा फलक येईना, म्हणून ती कडेच्या मिरीच्या झाडापाशी आणली. सूर्य डोंगराआड गेला होता. एर्सिलिया आणि इतर बायका भोपळ्याच्या सोपाइपिया तळत होत्या. कंपनीतर्फे दालचिनी घातलेली कढत वाइन होती. गाव वेळेवर जमलं होतं.

अशा दुर्बिणीला आधी जुळवून घ्यावं लागतं. ती पहिल्यांदा आपल्या रिमोटच्या पडद्यावर विचारते, तुम्ही कुठे आहात. तिच्या यादीत चान्यार आल्तो नव्हतं. ओवायेही नव्हतं. सान्तियागो होतं.

"सान्तियागोच टाका," सेन्योरिता म्हणाल्या. "शेवटी सगळं तिथूनच होतं." हे त्या विनोदानं म्हणाल्या असाव्यात.

मग ती विचारते, घड्याळ उन्हाळ्याचं की हिवाळ्याचं. यावर मैदानात दोन तट पडले. आमचं सरकार घड्याळ पुढे-मागे करतं आणि ते कधी करायचं याबद्दल स्वतःच पुढे-मागे करतं. सेन्योरितांच्या फोननं निवाडा दिला.

एवढं झाल्यावर दुर्बीण घुर्र करत आपणहून एका ताऱ्याकडे वळते, अंदाजानं जवळ जाते आणि थांबते. तारा बरोबर मधोमध आणून बटण दाबायचं काम माणसाचं. असे दोन तारे पटवून दिले की उरलेलं आकाश तिला आपोआप कळतं. दोन ओळखी पुरतात. आमच्याकडे नोकरीही अशीच लागते.

पहिला तिनं मित्र तारा मागितला. तो उंचावर होता, लगेच पटला. दुसरा मागितला अगस्त्य. जूनमध्ये तिन्हीसांजेला अगस्त्य नैऋत्येला खाली उतरलेला असतो. दुर्बीण तिकडे वळली, डोंगराच्या काठाशी वाकली आणि थांबली. थोडं खाली, डावीकडे, पांढराशुभ्र ठिपका दिसला. मी तो मधोमध आणला, बटण दाबलं. पडद्यावर आलं: जुळणी फसली. पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फसली.

"कंपनीचं यंत्र आहे," गर्दीतून एरास्मो म्हणाला. "गाव कुठेय ते त्याला सापडायचं नाही. सही कुठेय विचारा, लगेच वळेल."

"एरास्मो, तू वाइन पी," मी म्हणालो.

"पितोय की. जुळणी माझी कधीच झाली."

सेन्योरिता पुस्तिका चाळत होत्या. मी तिसऱ्यांदा त्याच ठिपक्याला मधोमध आणत होतो. गेली कित्येक वर्षं मी पर्यटकांना बोटानं अगस्त्य दाखवत आलो आहे. डोळे मिटूनही दाखवीन. पण पडद्यावर अक्षरं उमटली की हा अगस्त्य, तर शिकलेला माणूस पडद्यावर विश्वास ठेवतो. खरा अगस्त्य तेव्हा मिरीच्या झाडाआड होता.

"कुठला तारा रुसलाय, कोंपाद्रे?" निबाल्दो कुत्रा ओढत जवळ आला. त्यानं कोट घातला होता, यानिराच्या बाप्तिस्म्याचा. आता त्यात दोन निबाल्दो मावले असते.

"अगस्त्य."

"कुठेय?"

मी बोट दाखवलं. त्यानं बोटाच्या रेषेत बघितलं आणि हसायला लागला. हसणं खोकल्यात गेलं, खोकला बराच वेळ चालला, सगळे थांबले. मग डोळे पुसत तो म्हणाला, "अहो कोंपाद्रे, ती माझी यानिरा आहे."

गर्दीत हशा पिकला.

"इतकी वर्षं आकाश दाखवता तुम्ही लोकांना," निबाल्दो म्हणाला. "उद्या माझ्या कुत्र्याला शनी म्हणाल. पण फसली कशी ती? यंत्राला काय कळतं, दिवा कुठला नि तारा कुठला?"

"तिला ताऱ्यांमधली अंतरं पाठ असतात," मी म्हणालो. "शिवाय तारा सरकतो, मावळतो. दिवा जिथल्या तिथे राहतो. तुम्ही दिव्याला तारा म्हणून पुढे केलंत की तिचा हिशेब जुळत नाही."

"हुशार आहे." त्यानं दुर्बिणीच्या नळकांड्यावर थोपटलं. "मग आता रोखलेलीच आहे तर घर दाखवा ना तिचं. रंग उडालाय का बघतो. दोन वर्षं झाली मला तिथे जाऊन."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी डोळा लावला आणि चाक फिरवून प्रतिमा स्पष्ट करू लागलो. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ताऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. पांढरा ठिपका पसरला, मग आवळला, आणि त्याचा खांब झाला. खांबावर चार दिव्यांचा झुबका. खांबाखाली चाकं आणि जनरेटर. बाजूला पिवळं खोदणारं यंत्र, डोंगराला नवं भगदाड. आणि उजेडाच्या मधोमध एक निळं, अरुंद, चौकोनी घर.

मला बरं वाटलं. मग त्या घराचं दार उघडलं आणि हेल्मेट घातलेला एक माणूस, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत, पँटची चेन ओढत बाहेर आला.

कंत्राटदार लोक कामावर प्लास्टिकचे संडास आणतात. ते निळेच असतात.

मी बाजूला झालो आणि सेन्योरितांना म्हणालो, "तुम्ही बघता का आधी?" त्यांनी बघितलं. त्या वाकलेल्याच राहिल्या. मग माझ्या कानाशी पुटपुटल्या, "प्रोफे, हे सहीनंतर व्हायचं होतं. पुढच्या महिन्यात. पाद्री बोलावून, फुलं वाहून हलवणार होतो."

"न हलवायचं ठरलं होतं," मी म्हणालो.

"ते बोलणं होतं," त्या म्हणाल्या. "आराखडा आधीचा होता." त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील. यानिरा असती तर तेवढीच असती. त्यांनी सरळ उभं राहून, चेहरा सारखा करून, मोठ्यानं म्हटलं, "आपण आता शनी बघू या, दॉन निबाल्दो!" आणि रिमोटचं बटण दाबलं. दुर्बीण घुर्र करत एक हात वळली, जुळणीच झालेली नव्हती म्हणून थांबली, आणि पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं.

"शनी कुठे जात नाही," निबाल्दो म्हणाला. "माझ्याकडे एवढा वेळ नाही. कोंपाद्रे, वळवा परत."

मी वळवली. वळवली नसती तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

एर्सिलियानं त्याला खुर्ची दिली. त्यानं चष्मा काढला, डोळा लावला, श्वास रोखला. ऑक्सिजनचं यंत्र तेवढं टकटक करत राहिलं.

"दिसलं," तो म्हणाला. "निळं आहे. रंग नाही उडाला." थोड्या वेळानं, "मोठं दिसतंय हो."

"दुर्बिणीचं कामच ते," मी म्हणालो.

"उलटं आहे."

"सगळंच उलटं दिसतं तिच्यात."

"छप्पर कुठलं नि जोतं कुठलं कळत नाही," तो खुशीत म्हणाला. आणि मग त्याचा आवाज बदलला. "दार उघडलं. कोण तरी आत गेलं. कोंपाद्रे, माझ्या पोरीच्या घरात माणूस गेला."

एरास्मोनं माझ्याकडे बघितलं. तो कंत्राटी कामांवर पाणी टाकायला जातो. त्याला पहिल्या वाक्यातच कळलं असणार.

"भाविक असेल," सेन्योरिता म्हणाल्या. त्यांचं शिक्षण त्यांच्या मदतीला धावून आलं. "सान हुआनचा सण आहे ना. लोक मेणबत्ती लावायला येतात. काही मागायला."

काही अनिमिता नवसाला पावतात. मग लांबून लोक येतात, फुलं ठेवतात, 'उपकार झाले' अशा पाट्या ठोकतात. यानिराला आजवर आईबापांखेरीज कुणी काही मागितलं नव्हतं.

"आमच्या यानिराला?" निबाल्दोनं डोळा काढला. "कोंपाद्रे, खरं का?"

"उलट्या प्रतिमेत नीट सांगता येत नाही," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाकडे अशा वेळी असं एखादं वाक्य असतंच.

"एर्सिलिया, तू बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

एर्सिलियानं हात ॲप्रनला पुसले आणि वाकली. तिनं बराच वेळ बघितलं. ती कंत्राटदाराच्या मेसमध्ये भांडी घासायला जात असे, निळे संडास तिच्या रोजच्या पाहण्यातले होते. वाकूनच ती म्हणाली, "हो. फुलं ठेवून बाहेर आला."

"कसली फुलं?"

"एवढं दिसत नाही. पांढरी असतील."

निबाल्दो रडला. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी मग वाइनच्या पेल्यात बघितलं. सेन्योरितांनी एक मिनिट जाऊ दिलं, सभ्यपणानं, आणि कागद पुढे केला. "मग दॉन निबाल्दो, पोरगी सुखात आहे. सही करून टाकू या?"

"आता कशी करू?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काल ती माझी मुलगी होती. आज लोक तिच्याकडे मागायला येतात. म्हणजे ती लोकांची झाली. लोकांच्या वस्तूवर मी एकटा कशी सही करू, सेन्योरिता? वर जातो, त्या माणसाला विचारतो बाबा तू काय मागितलंस, तिनं ते दिलं का. मग बघू."

सेन्योरितांनी कागद खाली घेतला. तो भाविक नव्हता, हे आता सांगायचं तर तो कोण होता आणि कशासाठी आला होता, हेही सांगावं लागलं असतं. कंपनीचा कागद आपल्याच माणसाच्या खोटेपणावर अडकला होता. मला हसू यायला हवं होतं.

गावानं मग रांग लावली. एकेक जण वाकून बघत होता. सगळे खाणीतले, कंत्राटातले, टँकरवरचे लोक. एकेक जण उभा राहून निबाल्दोकडे बघायचा आणि म्हणायचा, छान आहे. म्हणायचा, रंग चांगला टिकलाय. एरास्मोनं बघितलं आणि प्रथमच त्याला विनोद सुचला नाही. "दिवा लख्ख आहे," एवढंच म्हणाला. "मी केलेला इतका लख्ख नव्हता." आणि बाजूला झाला.

शेवटी एर्सिलिया सेन्योरितांजवळ गेली. निबाल्दो दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसला होता, डोळे मिटून. ती हळू आवाजात म्हणाली, "सेन्योरिता, तिथे हात धुवायची सोय आहे ना?"

"आहे," सेन्योरिता म्हणाल्या.

"मग ठीक आहे."

मी दुर्बीण झाडापासून दूर नेली, खऱ्या अगस्त्याला मधोमध आणलं आणि बटण दाबलं. जुळणी यशस्वी झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या रात्री निबाल्दोच्या हाती सालासकटचा बटाटा आला.

वर जायचं राहून गेलं. डॉक्टरांनी उंचावर जायला बंदी केलीय, असं एर्सिलियानं त्याला सांगितलं. डॉक्टरांनी तिला वेगळंच सांगितलं होतं: सप्टेंबरच्या अठराचा राष्ट्रीय सण त्याला दिसेल की नाही, शंका आहे. मग ठरून गेलं की रोज तिन्हीसांजेला, पर्यटक यायच्या आधी, निबाल्दो मैदानावर यायचा. मी वळणाची जागा दुर्बिणीच्या स्मरणात घालून ठेवली होती. एक बटण दाबलं की ती घुर्र करत तिथे जाऊन थांबायची. तो डोळा लावून बसायचा आणि मोजायचा.

"आज पाच आले," तो सांगायचा. "रात्रपाळीवाले जास्त भाविक आहेत. जेवण झालं की येतातच."

"हो," मी म्हणायचो.

"एक जण तर बराच वेळ आत होता. काही तरी मोठं दुःख असणार."



सेन्योरिता आठवड्यातून एकदा कागद घेऊन यायच्या. पुढे पुढे कागद पिशवीतच राहू लागला. कंत्राटदाराला संडास दुसरीकडे हलवायचा होता, त्यांनी हलवू दिला नाही. कारण विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं: सांस्कृतिक संवेदनशीलता. एकदा एर्सिलियाला बाजूला घेऊन त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी दिलं. तो यानिराचा फोटो होता, अनिमितेतला. काच फुटली होती. बाकीचं घर कुठेय, असं एर्सिलियानं विचारलं. "गोदामात," सेन्योरिता म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "तुकड्यांत." एर्सिलियानं फोटो पलंगाखाली ठेवला, जिथे बटाटे ठेवतात तिथे.

"किती दिवस राहील ते?" तिनं विचारलं. संडासाबद्दल.

"वळणाचं काम संपेपर्यंत. अठराच्या आधी संपवायचं म्हणतात."

म्हणजे डॉक्टर आणि कंत्राटदार, दोघांनी एकच तारीख धरली होती. आता कोण आधी आटपतो, एवढंच बघायचं होतं. एर्सिलिया त्या दिवसांत घरी रोज मेणबत्ती लावायची; ती काय मागत होती ते मी विचारलं नाही. नवऱ्यानं आधी जावं, असं कुठल्या संताकडे मागतात मला ठाऊक नाही.

कंत्राटदार आधी आटपला. सण आठवड्यावर आला होता, पोरं पतंग उडवू लागली होती, आणि एका संध्याकाळी डोंगराची कड काळी राहिली. निबाल्दो नेहमीसारखा आला. आता त्याला एर्सिलिया आणि एरास्मो दोन्हीकडून धरून आणत. कुत्रा एरास्मोच्या हातात असे. तो बसला. मी बटण दाबलं. दुर्बीण घुर्र करत बरोबर जागी गेली आणि थांबली. तिची जुळणी आता उत्तम होती.

त्यानं डोळा लावला.

"काही दिसत नाही, कोंपाद्रे."

"ढग असेल," मी म्हणालो.

त्यानं डोळा काढला आणि मान वर केली. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत आकाश उघडं होतं. दक्षिणेचा क्रूस, मित्र, सगळे जागच्या जागी. कापसाच्या बोंडाएवढाही ढग नव्हता. एर्सिलिया मागे नळी धरून उभी होती. तिनं ती उगाच सरळ केली.

"हो," निबाल्दो म्हणाला. "ढगच असेल."

त्यानं चष्मा पुन्हा चढवला.

"तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत," तो म्हणाला. "यंत्र का रुसलं ते. दिवा काय करतो?"

"जिथल्या तिथे राहतो."

"आणि तारा?"

"तारा मावळतो."

"मग तुमचंच बरोबर होतं, कोंपाद्रे. यंत्र चुकलं." त्यानं नळकांड्यावर थोपटलं, पहिल्या दिवशी थोपटलं होतं तसंच. मग उठायला हात पुढे केला. एरास्मोनं धरला.

चार पावलांवर तो थांबला. वळला नाही.

"उद्या त्या सेन्योरिताला बोलवा. सही करतो. कागद आणायला सांगा." त्यानं श्वास घेतला. "आणि हात धुवून यायला सांगा."